पंधरा हजार रुपये आणि दहा वर्षांचा पीसी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. पीसी जुना झालाय, खेळायची हौस आहे आणि हातात पैसे मोजके आहेत. मी २००३ पासून कोल्हापुरात, राजारामपुरीत, पीसी जोडते आणि दुरुस्त करते. त्यामुळे हे दुखणं मला रोज समोर बसलेलं दिसतं. इचलकरंजीच्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे. त्या मुलाने पीसीतल्या एकेका भागाचं नाव, एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या) लेबलाचा फोटो आणि दुकानांतून विचारून आणलेले भाव असं सगळं पाठवलंय. एवढं हाताशी असलं की अंदाजाने बोलावं लागत नाही.

ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील यंत्रमागावर काम करतात. आत्तेभावाने २०१५ साली घेतलेला पीसी आता माझ्याकडे आहे. त्यात आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी कार्ड आहे. एसएमपीएस कॅबिनेटबरोबरच आलेला. मॉनिटर १६००×९००. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कुणी धूर सोडला की चित्र अडकतं. जीटीए ५ सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. सुट्टीत डेटा एंट्री करून १५,००० रुपये साठवलेत. एक दुकानदार म्हणाला, "हे भंगारात घाल, ५५ हजारांत नवा देतो." मित्र म्हणतो, "सेकंडहँड आरएक्स ५८० साडेसहा हजारांत मिळतंय, ते घे आणि मोकळा हो." मी आणलेले भाव असे: सेकंडहँड ८ जीबी डीडीआर३ रॅम ७००, ५०० जीबी सॅटा एसएसडी ४,२००, चांगल्या कंपनीचा ४५० वॅट एसएमपीएस ३,२००, सेकंडहँड जीटीएक्स १६५० ५,५००, सेकंडहँड आय७-४७९० ४,८००. यातलं काय घेऊ?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, इचलकरंजी

पहिले आठ दिवस कुठल्याही नव्या भागावर एक रुपयाही खर्च करू नकोस. आधी पीसी उघड.

इचलकरंजीहून माझ्याकडे आलेला पीसी उघडला की प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पंख्याखाली गादी भरावी तसा सुताच्या तंतूंचा थर निघतो. मागाचा आवाज घरात येतो तिथे हे तंतूही येतात. पंखा फिरत असतो, पण खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांपर्यंत वारा पोचतच नाही. प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. खेळताना तुला ते 'पीसी जुना झाला' असं वाटतं. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम टाक, अर्धा तास खेळ आणि प्रोसेसरचं तापमान बघ. ९० अंशांच्या वर जात असेल तर तुझं अर्धं दुखणं इथेच आहे.

साफसफाईसाठी ओळखीच्या दुकानातून ब्लोअर माग. पीसीची वायर काढ आणि वारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. वाऱ्याने पंखा भरधाव फिरला की त्याचं बेअरिंग जातं. मग कूलर काढून जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लाव. कूलर परत बसवताना लक्ष दे. त्याला चार खुंट्या असतात. तिरप्या रेषेत समोरासमोरच्या दोन-दोन एकदम दाबायच्या आणि चारही वेळा 'टक्' ऐकू आलं पाहिजे. चौथी खुंटी अर्धवट बसली म्हणून नवा प्रोसेसर घ्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता दुसरी तपासणी. गेम सुरू होत असताना टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघ. तो १०० टक्क्यांवर चिकटून बसत असेल तर ती चार-पाच मिनिटं हार्ड डिस्क खातेय. आणि बसत असणार, हे मी न बघता सांगते.

तिसरी तपासणी सगळ्यात उपयोगाची आहे आणि ती फार कमी लोक करतात. गेममध्ये फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, पडद्यावर ठेव. एक जागा ठरवून १६००×९०० वर खेळ, आकडा लिहून ठेव. मग रिझोल्युशन १२८०×७२० कर आणि तिथेच परत खेळ. पहिल्या चित्रात १४ लाख ४० हजार ठिपके रंगवायचे असतात, दुसऱ्यात साधारण सव्वानऊ लाख. ठिपके इतके कमी झाल्यावर फ्रेम चांगल्याच वाढल्या, तर कार्ड दमलेलं होतं. आकडा जिथल्या तिथे राहिला, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. धूर सोडल्यावरच अडकतं असं तू लिहिलंस, त्यावरून माझा संशय कार्डावर आहे. काउंटर-स्ट्राइक २ मधला धूर खोलीभर पसरणारा, प्रकाश झेलणारा आहे आणि तो रंगवायचं काम कार्डाचं. तुझ्या कार्डाला स्वतःची मेमरी २ जीबीच. पण संशयावर पैसे घालू नकोस, तपासणी कर.

आता मित्राचं आरएक्स ५८०. तू पाठवलेल्या फोटोत एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलंय. त्याखालचा बारीक तक्ता वाच. बारा व्होल्टच्या रांगेत १४ अँपिअर आहेत. १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच बारा व्होल्टवर जगतात. तुझा प्रोसेसर ८४ वॅटचा, ७५० टीआय ६० वॅटचं, दोन्ही मिळून १४४. वर हार्ड डिस्क आणि पंखे. म्हणजे आजच तू काठावर आहेस आणि एसएमपीएस दहा वर्षं झिजलेला आहे. आरएक्स ५८० एकटंच १८५ वॅट मागतं. त्याला लागणारी आठ पिनांची वायर तुझ्या एसएमपीएसला नसणार. मग दुकानदार हार्ड डिस्कच्या वायरीवरून जोडणी करून देतो. २०११ साली मीही एका गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकाला अशीच जोडणी करून दिली होती. तिसऱ्या आठवड्यात एसएमपीएस गेला आणि जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. पैसे मी भरून दिले. पण त्या मुलाने ते दोन उन्हाळ्यांची सुट्टी काम करून जमवले होते आणि पीसी बंद पडल्यावर तो माझ्या दुकानात खाली मान घालून बसला होता, ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय मी कार्ड लावत नाही.

आरएक्स ५८० बद्दल आणखी दोन गोष्टी. ही कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला, म्हणजे ते चलन कमवायच्या गणितांना, हजारोंनी लागली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडली आणि ती सगळी कार्डं सेकंडहँड बाजारात आली. दिवसरात्र चाललेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याचे पंखे थकलेले असतात आणि कित्येकांचं बायोस, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, बदललेलं असतं. शिवाय '२०४८ एसपी' नावाचं एक आरएक्स ५८० मिळतं. खऱ्या ५८० मध्ये २,३०४ गणक असतात, यात २,०४८. म्हणजे पाटी ५८० ची आणि आत ५७० चा माल. जीपीयू-झी या फुकट प्रोग्रॅममध्ये हा आकडा लगेच दिसतो.

तुझ्या यादीतलं जीटीएक्स १६५० मला पटतं. ७५ वॅटचं कार्ड, ४ जीबी मेमरी आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतात. कुणी त्याऐवजी १०५० टीआय हजार रुपयांनी स्वस्त देतो म्हणाला तर घेऊ नकोस. तुझं ७५० टीआय आणि ते १०५० टीआय या दोन्ही पिढ्यांसाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत. यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे सुधार येतील. १६५० त्यानंतरच्या पिढीतलं आहे, ते अजून चालू यादीत आहे.

आणखी एक सापळा सांगून ठेवते, कारण दुकानात तुला तो नक्की दाखवतील. आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी ही कार्डं कागदावर १६५० पेक्षा नवी दिसतात. पण ती बोर्डाशी फक्त चार पदरांनी (लेन) बोलतात. नव्या बोर्डावर प्रत्येक पदर सेकंदाला जवळजवळ २ जीबी माल नेतो, म्हणून चार पुरतात. तुझ्या एच८१ बोर्डावरची कार्डाची जोडणी पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीची. तिथे एका पदरावरून अर्धा जीबीच जातो. नव्या बोर्डावर ८ जीबी नेणारं कार्ड तुझ्याकडे २ जीबीवर येईल. १६५० सोळा पदरांचं आहे, त्याला हा त्रास नाही.

कार्ड घ्यायला जाशील तेव्हा विकणाऱ्याच्या पीसीवर फरमार्क हा कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम वीस मिनिटं चालवून बघ. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन चमकले की उठून ये. पंख्याची खरखर ऐक. घरी नेऊन तपासा म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस.

एसएसडी घेच, हार्ड डिस्क खात असलेली मिनिटं तीच वाचवेल. मात्र लावताना बोर्डावरची खोबणी बघून लाव. एच८१ वर सॅटाच्या चार खोबण्या असतात. त्यातल्या दोन सेकंदाला ६ गिगाबिटच्या आणि दोन ३ च्या. बऱ्याच बोर्डांवर त्यांचा रंग वेगळा असतो. चुकीच्या खोबणीत लावलीस तर एसएसडी निम्म्या वेगाने चालेल आणि कुणी तुला सांगणारही नाही. चपटी एनव्हीएमई जातीची एसएसडी घेऊ नकोस, तिला बसायला तुझ्या बोर्डावर जागा नाही. जुनी हार्ड डिस्क फोटो-सिनेमांसाठी तशीच राहू दे.

सातशेची रॅम डोळे झाकून घे. बोर्डावर दोनच स्लॉट आहेत आणि १६ जीबी ही त्याची मर्यादा. ८ आणि ८ झाले की दोन्ही वाटांनी एकदम माल जातो. सध्याच्या स्टिकवर १६०० लिहिलंय का आणि व्होल्ट १.५ की १.३५ हे बघून तशीच दुसरी आण.

आय७-४७९० चा मोह मी समजू शकते. तो तुझ्या बोर्डावर बसेल, ८४ वॅटचाच आहे, आणि ४४६० त्याच तुकडीतला असल्यामुळे बायोसचाही प्रश्न येणार नाही. चार गाभ्यांवर (कोअर) आठ धागे (थ्रेड) चालतील. पण ४,८०० रुपये जातील आणि तो प्रोसेसर पुढच्या कुठल्याही पीसीत जाणार नाही. डीडीआर३ रॅमचंही तेच, फक्त तिथे सातशेचा प्रश्न आहे. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड मात्र उद्या तू नोकरीला लागून नवा बोर्ड घेतलास तरी उचलून त्यात बसतील. जुन्या पीसीवर पैसे घालताना मी गिऱ्हाइकाला हेच विचारते: ही वस्तू पुढच्या कॅबिनेटमध्ये जाईल का? न जाणारी वस्तू हजाराच्या आतलीच घे.

म्हणजे एसएमपीएस ३,२००, एसएसडी ४,२००, रॅम ७००, कार्ड ५,५००. झाले १३,६००. उरलेल्या चौदाशेत पेस्ट, अल्कोहोल आणि कोल्हापूरला यायचं-जायचं एसटीचं भाडं. सगळं एका दिवशी घेऊ नकोस. आधी एसएमपीएस आणि एसएसडी लाव, आठवडाभर वापर, मग रिझोल्युशनची तपासणी पुन्हा कर आणि त्यानंतरच कार्डाकडे वळ. दुखणं प्रोसेसरचं निघालं तर मला परत लिही, तेव्हा आय७ चा विचार करू.

विंडोजचं राहिलंच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुझा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, ती आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टने घरगुती पीसींसाठी सुरक्षेचे सुधार १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून त्याची नोंदणी कर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती विनामूल्य होते. त्यानंतरसाठी लिनक्स शिकून ठेव. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर थेट चालतो आणि व्हॉल्व्हच्या प्रोटॉन या प्रोग्रॅममुळे विंडोजचेही पुष्कळ गेम चालतात. डिप्लोमा करतोयस, ते शिकणं वाया जाणार नाही.

माझ्याकडे रायझन ३ ३२००जी आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबीची एक रॅम आहे. व्हॅलोरंट ठीक चालतो पण मध्येच झटके देतो. पाच हजारांत सेकंडहँड कार्ड घेऊ का?
— वाचक, नांदेड

कार्ड नको, रॅमची दुसरी स्टिक घ्या. ३२००जी च्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच उसनी घेतं. एकच स्टिक असली की एकच वाट, आणि त्या वाटेवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची रेटारेटी. सारख्या वेगाची दुसरी स्टिक लावली की वाट दुप्पट रुंद होते. फरक तुम्हाला त्याच संध्याकाळी दिसेल. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात लावा आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय, चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगावरच राहते.

भाव मात्र बोचेल. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप उचलायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे २०२५ च्या दिवाळीच्या सुमारापासून, रॅमचे भाव पेटले आहेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणून नव्या स्टिकच्या मागे न लागता सेकंडहँड डीडीआर४ शोधा. रॅम झिजणारी वस्तू नाही. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम एक रात्र चालवून बघितली की झालं.

मुलगा दहावीत आहे. परीक्षेनंतर त्याला पीसी 'अपग्रेड' करून हवा आहे. दुकानदाराने ३८ हजारांचं ग्राफिक्स कार्ड सुचवलंय. माझ्याकडे जास्तीत जास्त वीस हजार आहेत. मुलाने लिहून दिलेली माहिती: रायझन ५ १६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, जीटीएक्स १०६० ६ जीबी, १०८० मॉनिटर. मला यातलं काही कळत नाही, आम्ही त्या पूर्ण पेटीलाच सीपीयू म्हणतो. लॅमिंग्टन रोडला जाऊन काय मागू?
— एक आई, डोंबिवली

काही कळत नाही असं म्हणालात, पण तुम्ही माहिती अगदी पुरेशी पाठवली आहे. तुमच्या मुलाकडे चांगला पीसी आहे. तो बोर्ड एएम४ नावाच्या सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या जागेचा) आहे. एएमडीने या एकाच सॉकेटवर २०१७ पासून कितीतरी वर्षं नवे प्रोसेसर आणले आणि त्याचा फायदा आता तुम्हाला घेता येईल. २०१७ चा १६०० काढून त्याच जागी २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच, एसएमपीएस तोच. दोन्ही सहा गाभ्यांचे, दोन्ही ६५ वॅटचे, पण प्रत्येक गाभ्याच्या ताकदीत फार अंतर आहे. ३८ हजारांचं कार्ड जुन्या प्रोसेसरवर लावलं असतं तर ते निम्मा वेळ रिकामं बसलं असतं.

'५५००' नको, '५६००' मागा. नावं जवळची असली तरी ५५०० मध्ये कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट) मेमरी १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२. गेममध्ये ती जाणवते. खोक्यात बंद असलेला घ्या, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. खोक्याशिवाय सुटा मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची हमी दुकानदाराच्या शब्दावर. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, १८ टक्के वाचवण्याच्या नादात कोऱ्या कागदावर घेतलेली वस्तू बिघडली की कुणी ओळख देत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरते, तेव्हा दुकानं उघडेपर्यंत ग्रँट रोड स्टेशनजवळ चहा पीत बसावं लागतं. अकराच्या आधी पोचून उपयोग नाही.

यापुढचं मुलाला वाचायला द्या.

बाळा, नवा प्रोसेसर हातात आला म्हणून लगेच पेटी उघडू नकोस. आधी जुना १६०० आत असतानाच बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवं बायोस उतरवून टाक. बी४५० बोर्डांना ५००० मालिकेचा आधार नंतरच्या बायोसमध्ये मिळाला. जुन्या बायोसवर ५६०० लावलास तर पडदा काळाच राहील. बायोस टाकताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून ते काम यूपीएसवर कर, पावसाळी संध्याकाळी करू नकोस.

कूलर काढताना घाई नको. एएम४ च्या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. सरळ वर ओढलास तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून तो गरम कर, पीसी बंद कर, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडव. नंतर बायोसमध्ये जाऊन एफटीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू कर. १६०० विंडोज ११ च्या यादीत नव्हता, ५६०० आहे.

आणि ती १६ जीबी रॅम जपा, कुणी 'बदलून देतो' म्हणालं तरी देऊ नका. जुना १६०० विकून थोडे पैसे सुटतील. ते आणि उरलेले बाजूला ठेवा. १०६० चेही नव्या गेमचे ड्रायव्हर थांबले आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षी कार्ड बदलावं लागेल. तेव्हा सेकंडहँड आरएक्स ६६०० बघा. १३२ वॅटचं कार्ड आहे, आठ पदरांचं आहे, तुमच्या बोर्डाला झेपेल.

समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे. गेम खेळताना पीसी अचानक बंद होऊन परत सुरू होतो. नेट बघताना, टायपिंग करताना काही होत नाही. पावसाळ्यात जास्त होतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिणतं. दुकानदार बोर्ड बदला म्हणतो, बारा हजार सांगतोय.
— वाचक, देवगड

बोर्डाचं नंतर बघू. झिणझिणतंय हे तुम्ही शेवटी लिहिलंय, मी ते पहिलं घेते. तुमच्या घराच्या अर्थिंगमध्ये खोट आहे. आजच्या आज वायरमनला बोलवा आणि त्या सॉकेटची अर्थिंग टेस्टरने नव्हे, मीटरने तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीनच्या आत. तोवर पीसी चालू करू नका आणि घरातल्या मुलांना हात लावू देऊ नका.

ते झालं की एसएमपीएस. खेळतानाच बंद होतो आणि टायपिंग करताना नाही, याचा अर्थ भार वाढला की कुणीतरी माघार घेतंय. दहातल्या आठ वेळा तो एसएमपीएस असतो. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून लावा आणि खेळून बघा. बंद नाही पडला तर बारा हजार वाचले.

तरीही पडला तर रॅम आणि कार्ड काढा. खाऱ्या हवेने त्यांच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढतो. पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, भुगा ब्रशने झाडा, स्लॉटमध्ये ब्लोअर मारा आणि परत बसवा. कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज दिसत असेल तर आत बोर्डावरही बघा, हिरवट पांढरी बुरशी असेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. पीसी जमिनीवर किंवा खिडकीशी ठेवू नका. आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. एवढं करून काय झालं ते कळवा, आणि एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो जोडा. बारा व्होल्टची रांग स्पष्ट दिसेल असा.